छतातले पैसे आणि नव्याने घडवलेल्या काचा : लंडनच्या फिट्झरॉय टॅव्हर्नचे परीक्षण

लंडनमध्ये शार्लट स्ट्रीट आणि विंडमिल स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर फिट्झरॉय टॅव्हर्न हा पब आहे. गूज स्ट्रीट या भुयारी रेल्वेच्या स्थानकातून बाहेर पडले की थोडे चालून तेथे पोहोचता येते. यॉर्कशरमधील सॅम्युएल स्मिथ या मद्यनिर्मिती कंपनीच्या मालकीच्या या पबचे नूतनीकरण २०१७ मध्ये पूर्ण झाले. जाणकारांनी ते वाखाणले, आणि ते वाखाणण्याजोगेच आहे. मात्र या पबचे नाव सर्वतोमुखी झाले ते त्याच्या लाकूडकामामुळे नव्हे. गोरगरिबांच्या मुलांसाठी ग्राहकांनी छताकडे पैसे भिरकावण्याची एक विलक्षण प्रथा येथे काही दशके चालली, आणि त्या प्रथेमुळे हा पब आसपासच्या वस्तीला आपला वाटत होता. त्यामुळे वास्तू किती परत आली आणि तिच्याविषयीची ती आपुलकी किती परत आली, असे दोन वेगळे प्रश्न येथे विचारावे लागतात, आणि माझ्या मते त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत.

इमारतीची सुरुवात १८८३ मध्ये कॉफीगृह म्हणून झाली. चारच वर्षांनी विल्यम ब्रटन या वास्तुविशारदाने तिचा पब केला आणि त्याला ‘द हंड्रेड मार्क्स’ हे नाव मिळाले. मार्क हे तेव्हाचे जर्मन चलन. त्या काळी शार्लट स्ट्रीटच्या आसपास जर्मन लोकांची वस्ती एवढी दाट होती की रस्त्यालाच गमतीने ‘शार्लटेनस्ट्रासे’ म्हटले जाई. पहिल्या महायुद्धाने ही वस्ती उधळून लावली. ब्रिटनमधील जर्मन पुरुष मोठ्या संख्येने स्थानबद्ध झाले, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, जुडा मॉरिस क्लाइनफेल्ड या गृहस्थाने हा पब चालवायला घेतला आणि त्याला आजचे नाव दिले. क्लाइनफेल्ड हे रशियन साम्राज्यातून इंग्लंडला आलेले ज्यू, व्यवसायाने शिंपी. सारी गिऱ्हाइके त्यांना ‘पॉप’ म्हणत. पुढे त्यांची मुलगी अ‍ॅनी आणि जावई चार्ल्स ऑलचाइल्ड यांनी तो सांभाळला आणि १९५० च्या दशकात या कुटुंबाचा पबशी असलेला संबंध संपला. म्हणजे ज्या काळामुळे हा पब इतिहासात गेला, तो जवळजवळ संपूर्ण काळ एका निर्वासित शिंप्याच्या घरातला आहे.

आता त्या छताविषयी. डार्ट म्हणजे अणकुचीदार लहान बाण; तो भिंतीवरच्या चकतीवर नेम धरून फेकणे हा इंग्रजी पबमधला ठरलेला खेळ. हरलेल्या एका गड्याने वैतागून आपला डार्ट वर फेकला, तो छतात रुतून बसला आणि ते पाहून क्लाइनफेल्ड यांना कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, कल्पना फार नामी होती. लहान डार्टांना कागदी पुड्या जोडल्या जात. गिऱ्हाइकाने पुडीत नाणे घालावे, ऐपत असेल तर नोट घालावी, आणि डार्ट नेम धरून छताकडे फेकावा. तो रुतला की वर्षभर तिथेच लटकत राहायचा. वर्षातून एकदा सारे छत उतरवून पैसे मोजले जात आणि त्यातून परिसरातील गरीब मुलांना सहलीला नेले जाई. या निधीला ‘पेनीज फ्रॉम हेवन’ म्हणजे स्वर्गातून पडणारे पैसे असे नाव होते. ज्या मुलांच्या आयुष्यात विटांच्या भिंती आणि कोळशाचा धूर यापलीकडे फारसे काही नव्हते, त्यांना एक दिवस मोकळ्या हवेत घालवायला मिळे.

या प्रथेचा विचार करताना मला तिच्यातली व्यावहारिक हुशारी अधिक मोहात पाडते. पैसा पुडीत बंद असल्यामुळे कोणी किती दिले हे शेजाऱ्याला कळत नसे. मजुराची पेनी आणि चित्रकाराची नोट वर सारखीच दिसे. (चित्रकारांकडे नोट असण्याचा प्रसंग तसा विरळाच.) दान देण्याच्या कृतीत खेळ मिसळलेला असल्यामुळे देणाऱ्याच्या मनात उपकाराची भावना येत नसे; नेम चुकला तर हशा, लागला तर टाळ्या. साठत जाणारा निधी सर्वांच्या डोळ्यांसमोर असे आणि तरीही सर्वांच्या हाताबाहेर, मालकाच्यासुद्धा. गल्ल्याशेजारी ठेवलेल्या डब्याविषयी जी शंका मनात येऊ शकते, ती दहा-बारा फूट उंचीवर टोचून ठेवलेल्या पैशाविषयी कशी येणार? शिवाय पैसा कोठे जाणार हे ठाऊक होते. तो दूरच्या एखाद्या संस्थेकडे जात नसून पुढच्याच गल्लीतल्या, नाव-गाव माहीत असलेल्या पोरांसाठी खर्च होणार होता. धर्मादाय निधीविषयीचे हिशेब, विश्वास, गुप्तता आणि उत्साह असे चारही प्रश्न एका छोट्या डार्टने सोडवले होते.

ब्रिटिश पबच्या इतिहासात हे एकटेदुकटे उदाहरण मात्र नाही. सरकारी विमा आणि निवृत्तिवेतन येण्यापूर्वी कामगारांच्या परस्पर-साहाय्य मंडळांच्या बैठका प्रामुख्याने पबच्या माडीवरच्या खोल्यांत होत. आजारपणातला भत्ता, अंत्यसंस्काराचा खर्च, विधवेला मदत हे सारे तेथे वर्गणीतून चाले. ‘ऑडफेलोज आर्म्स’ किंवा ‘फॉरेस्टर्स आर्म्स’ अशी पबांची नावे आजही दिसतात, ती अशाच मंडळांच्या नावावरून. नाताळसाठी वर्षभर थोडे थोडे पैसे पबमालकाकडे जमा करण्याचे क्लबही होते. आपल्याकडच्या चाळीतली दिवाळीची भिशी आठवावी, इतके साम्य. नंतरच्या काळात काउंटरवर पेन्यांचा उंच मनोरा रचायचा आणि एखाद्या नावाजलेल्या व्यक्तीला बोलावून तो धर्मादायासाठी ढकलून पाडायचा, ही पद्धत रूढ झाली. जीवरक्षक नौकांच्या संस्थेची नौकेच्या आकाराची पेटी तर कितीतरी पबांच्या काउंटरवर ठाण मांडून असते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला पब म्हणजे केवळ पिण्याची जागा वाटते. दारूबंदीच्या चळवळींचा वारसा लाभलेल्या आपल्या मराठी मनाला तर अधिकच. पबमुळे मजुराच्या घरातला पैसा उडाला हे खरेच आहे, पण त्याच छताखाली तो पैसा साठवण्याच्याही संस्था वाढल्या.

फिट्झरॉयच्या कीर्तीचा दुसरा अर्धा भाग कलावंतांमुळे आहे आणि त्यावर एवढे लिहून झाले आहे की येथे मी तो लवकर उरकतो. चित्रकार ऑगस्टस जॉन, ‘बोहेमियाची राणी’ (म्हणजे मुक्तपणे जगणाऱ्या कलावंतांच्या जगाची राणी) म्हणून ओळखली गेलेली आणि जिनच्या पेल्याच्या बदल्यात किस्से सांगणारी चित्रकर्ती नीना हॅम्नेट, कवी डिलन टॉमस, जॉर्ज ऑर्वेल ही मंडळी येथे येत. या साऱ्या परिसरालाच पुढे ‘फिट्झरोव्हिया’ हे नाव पडले, ते या पबवरून आणि जवळच्या फिट्झरॉय स्क्वेअरवरून. पत्रकार टॉम ड्रायबर्ग यांनी १९४० मध्ये ते वृत्तपत्रात छापले. काही जण त्याचे श्रेय सिलोनहून आलेले तमिळ कवी-संपादक तंबिमुत्तू यांना देतात. १९३९ मध्ये ‘पोएट्री लंडन’ हे नियतकालिक सुरू करणारे तंबिमुत्तू याच गल्ल्यांत वावरत. फिट्झरॉय स्वतःच प्रसिद्ध होऊन बघ्यांनी भरू लागला तेव्हा लेखक मंडळी जवळच्या रॅथबोन प्लेसवरील व्हीटशीफ या पबकडे वळली, हेही नेहमीप्रमाणेच झाले.

मराठी वाचकाला हा परिसर पूर्णपणे अनोळखी असेल असेही नाही. फिट्झरॉय स्क्वेअरच्या कोपऱ्यावर भारतीय विद्यार्थ्यांसाठी १९२० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन वायएमसीएचे वसतिगृह आहे आणि शिक्षणासाठी किंवा कामासाठी लंडनला गेलेल्या कितीतरी मराठी मंडळींचे पहिले अंथरूण तेथेच पडलेले असते. तेथल्या उपाहारगृहातील वरण-भाताच्या जवळपास जाणाऱ्या जेवणाची आठवण अनेक जण काढतात. त्या वसतिगृहापासून फिट्झरॉय टॅव्हर्न पायी दहा-बारा मिनिटांवर आहे. पण तेथे राहून गेलेल्यांपैकी बहुतेकांनी हा पब बाहेरूनच पाहिलेला असतो.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे नूतनीकरणाकडे वळू. व्हिक्टोरियन काळातील लंडनचा पब हा आतून एकसंध दिवाणखाना नसे. मधोमध काउंटर आणि त्याभोवती लाकूड व काचेच्या पडद्यांनी पाडलेले लहान-मोठे कप्पे अशी त्याची रचना असे. मजुरांसाठी पब्लिक बार, थोडे अधिक पैसे मोजणाऱ्यांसाठी सलून बार, कोणाच्या दृष्टीस न पडता बसू इच्छिणाऱ्यांसाठी प्रायव्हेट बार, आणि घरी बिअर न्यायला आलेल्या बायकामुलांसाठी वेगळी खिडकी. प्रत्येक कप्प्याला बऱ्याचदा रस्त्यावरून स्वतंत्र दार असे. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० आणि ७० च्या दशकांत, देशभर हे पडदे धडाधड निघाले. मोठी मोकळी खोली कमी नोकरांत सांभाळता येते, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनाही सारे एका नजरेत दिसलेले बरे वाटे, आणि वर्गभेद दाखवणाऱ्या भिंती त्या काळाच्या मनाला रुचत नव्हत्या. ही तिन्ही कारणे समजण्यासारखी असली तरी त्यांच्यापायी अप्रतिम कारागिरी भंगारात गेली.

फिट्झरॉयमध्ये हे कप्पे पुन्हा उभे केले आहेत. महोगनीच्या चौकटी, त्यांत आम्लाने कोरलेल्या नक्षीच्या काचा, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी दारे, पितळी कड्या आणि वर अलंकृत छत असा हा थाट आहे. आम्लकोरीव काच कशी होते हे ठाऊक असले म्हणजे या कामाची किंमत कळते. काचेचा जो भाग स्वच्छ ठेवायचा त्यावर आम्लाला दाद न देणारा लेप लावतात, उरलेला भाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने धुरकट करतात, आणि सावलीच्या छटा आणायच्या तर हीच क्रिया टप्प्याटप्प्याने पुन्हा करावी लागते. घाई केली तर वेलबुट्टीच्या कडा फाटतात. येथील काचांवर उजेड पडला की पानाफुलांचे देठसुद्धा वेगळे दिसतात. पलीकडच्या माणसाची आकृती कळते, चेहरा कळत नाही. व्हिक्टोरियन गिऱ्हाइकाला नेमके हेच हवे असे. नवीन लाकडाला मुद्दाम जुनाट दाखवण्याचा केविलवाणा प्रयत्न कोठे केलेला नाही हे मला विशेष आवडले. नवे ते नवे दिसते; पन्नास वर्षांत ते आपोआप जुने होईल.

याच कंपनीने २००७-०८ च्या सुमारास लंडनच्याच होबर्न भागातील प्रिन्सेस लुईझ या पबचे असेच पुनरुज्जीवन केले होते आणि तेथेही काढून टाकलेले कप्पे परत बसवले होते. दोन्ही पाहिल्यास प्रिन्सेस लुईझ उजवा ठरतो, कारण तेथील मूळच्या रंगीत फरशा, आरसे आणि काचांचा मोठा भाग शाबूत होता व नव्या कामाला जुन्याची संगत मिळाली. फिट्झरॉयमध्ये अधिक गोष्टी नव्याने घडवाव्या लागल्या, आणि म्हणूनच ते काम अधिक अवघडही होते. ‘एल’ या अस्सल पारंपरिक इंग्रजी बिअरसाठी १९७१ पासून झटणाऱ्या ‘कॅमरा’ या ग्राहक-संघटनेच्या पबरचना पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली, यात काही आश्चर्य नाही.

माझा आक्षेप कारागिरीला नसून निवडलेल्या काळाला आहे. जीर्णोद्धार करताना कोणत्या वर्षाकडे परत जायचे, हा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो आणि तो सुताराने पटाशीला हात घालण्याआधीच झालेला असतो. येथे तो ब्रटन यांच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या बाजूने झाला. परंतु ब्रटन यांचा पब हा लंडनमधल्या शेकडो चांगल्या पबांपैकी एक होता. क्लाइनफेल्ड यांचा पब एकमेव होता. त्या पबच्या भिंतींवर पहिल्या महायुद्धातील भरतीची पोस्टरे होती, ‘पियानोला’ हा विजेवर आपोआप चालणारा पियानो वाजत असे, खलाशी, मजूर, चित्रकार, सैनिक आणि कुतूहलाने आलेले श्रीमंत एकाच गर्दीत धक्के खात उभे राहत, आणि वर छतातून पैशांच्या पुड्या लोंबत. माणसांना वेगवेगळे बसवणारी काच ही त्या पबच्या वृत्तीची नेमकी उलटी बाजू आहे. ज्या वर्गभेदासाठी कप्पे जन्माला आले, तो क्लाइनफेल्ड यांच्या डार्टने निदान छतापुरता तरी पुसला होता.

याला एक उत्तर आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पोस्टरे, डार्ट यांची नक्कल करून छताला टांगली असती तर तो पब संग्रहालयातल्या देखाव्यासारखा किंवा त्याहून वाईट म्हणजे विमानतळावरच्या ‘पारंपरिक’ उपाहारगृहासारखा दिसला असता. लाकूड आणि काच प्रामाणिकपणे पुन्हा घडवता येते. उत्साह घडवता येत नाही. शिवाय आजच्या गिऱ्हाइकासाठी कप्प्यांचा अर्थ बदलला आहे. आता कोणत्याही कप्प्यात कोणीही बसू शकते, दर सगळीकडे एकच आहे, आणि चार-सहा माणसांना गर्दीतही आपली खोली मिळाल्यासारखे वाटते. मूळची दुष्ट सोय आज निव्वळ सोय झाली आहे. हा युक्तिवाद मला बऱ्याच अंशी पटतो. तरीही धर्मादायाच्या प्रथेविषयीचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण ती प्रथा इमारतीची नव्हती, एका कुटुंबाची आणि त्याला ओळखणाऱ्या वस्तीची होती. काउंटरमागे मालक स्वतः उभा असे, गिऱ्हाइकाला नावाने हाक मारी आणि सहलीला जाणारी मुले त्याच्या दारावरून शाळेत जात. आता या रस्त्यावर जाहिरात संस्था, चित्रपट-संकलनाच्या कंपन्या आणि महागडी उपाहारगृहे आहेत; सहलीला न्यावीत अशी मुले शहरात आहेतच, पण ती या गल्लीत राहतात असे म्हणवत नाही.

मालक कंपनीविषयी थोडे सांगायला हवे, कारण या पबची आजची चाल तिच्या स्वभावावर ठरते. टॅडकॅस्टर गावातील तिची मद्यशाळा १७५८ पासून चालू आहे आणि त्या गावात आजही पिंपे घोडागाडीतून पोहोचवली जातात. तिच्या पबांत इतर कंपन्यांचा माल जवळजवळ मिळतच नाही. बिअर, सायडर (सफरचंदाचे मद्य), जिन, इतकेच काय शीतपेयेही तिच्याच नावाची. त्यामुळे परिचित नावाची बाटली मागणाऱ्याची निराशा होते, पण मध्य लंडनच्या मानाने दर सौम्य राहतात. नियमही स्वतःचे : पबमध्ये संगीत नाही, दूरचित्रवाणी नाही, २०१७ पासून शिवीगाळीला बंदी, आणि २०१९ पासून मोबाइल व लॅपटॉप वापरण्यास मनाई. एके काळी ‘पियानोला’ जिथे दणाणत असे त्या पबमध्ये आज फक्त बोलण्याचा आवाज असावा, यात इतिहासाची थोडी थट्टा आहे. मला स्वतःला ही शांतता आवडते. शेजारच्या माणसाचे बोलणे ओरडल्याशिवाय ऐकू येते, अशी सार्वजनिक जागा कोणत्याही महानगरात दुर्मीळ झाली आहे. फोन करायचा असेल तर मात्र सरळ बाहेर जावे. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पिण्याच्या बाबतीत सांगायचे तर या कंपनीची ओटमील स्टाउट ही काळी, मऊ आणि किंचित गोडसर बिअर चाखावी. ओट घालून केलेली ही जात जवळजवळ नामशेष झाली होती; १९८० च्या सुमारास एका अमेरिकन आयातदाराच्या आग्रहावरून याच मद्यशाळेने ती पुन्हा काढली आणि तेथून ती जगभर पसरली. म्हणजे जुने काही परत आणण्याचा सराव या मंडळींना सुतारकामाच्या आधीपासूनचा आहे. फळांच्या बिअरही आहेत, त्या लिंकनशरमधल्या स्टॅमफर्ड येथे तयार होतात. त्यांतली चेरीची मला जरा औषधी वाटते, जर्दाळूची छान. बहुतेक बिअरमध्ये प्राणिज पदार्थ वापरत नाहीत, ही माहिती शाकाहारी वाचकांना उपयोगी पडावी. ‘बिटर’ ही कडसर इंग्रजी बिअर बर्फासारखी थंड नसते, तळघराच्या तापमानाला दिली जाते. ती ‘गरम’ म्हणून परत करू नये. न पिणाऱ्यांनीही संकोच बाळगण्याचे कारण नाही. सोड्यात लिंबाचे सरबत मागितले तर कोणी भुवई उंचावत नाही, आणि एका पेल्यावर तासभर बसले तरी कोणी उठवत नाही. वेटर येऊन विचारेल म्हणून टेबलाशी वाट पाहत बसण्याची चूक नवखे भारतीय पाहुणे हमखास करतात. येथे काउंटरशी जाऊन मागायचे, तेथेच पैसे द्यायचे. खाणे ‘पाय’ (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ), मासे-बटाटे अशा वळणाचे, पोटभरीचे. त्यासाठी मुद्दाम जावे असे नाही. गप्पांसाठी जावे, आणि शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी, म्हणजे काचा उजेडात पाहता येतील. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर पडदे गर्दीत बुडतात.

तळघरातल्या ‘रायटर्स अँड आर्टिस्ट्स बार’चाही उल्लेख करायला हवा. नूतनीकरणापूर्वी तेथे नवोदित विनोदवीरांचे कार्यक्रम होत, आणि ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे चाहते महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कितीतरी वर्षे या पबमध्ये जमत. काम सुरू झाल्यावर त्यांना दुसरीकडे जावे लागले. पब बंद ठेवून नूतनीकरण करण्याची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात मांडली जात नाही. लाकूड दीड-दोन वर्षे थांबते, माणसांची सवय थांबत नाही. ती दुसरी जागा शोधते आणि तेथे रुजते.

या संदर्भात आग्नेय लंडनमधील नन्हेडच्या आयव्ही हाउसशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही, कारण तेथे क्रम नेमका उलटा होता. १९३० च्या दशकात ट्रूमन या मद्यकंपनीच्या ए. ई. स्यूएल या वास्तुविशारदाने बांधलेला हा पब २०१२ च्या एप्रिलमध्ये मालकांनी अवघ्या काही दिवसांच्या सूचनेवर बंद केला. परिसरातील लोकांनी धावपळ करून त्याला वारसा-वास्तूचा दर्जा मिळवून दिला. नंतर, स्थानिकांना महत्त्वाची वाटणारी वास्तू विक्रीला निघाल्यास ती विकत घेण्यासाठी सहा महिन्यांची मुदत देणाऱ्या २०११ च्या कायद्याचा त्यांनी आधार घेतला; त्या कायद्याखाली नोंद झालेला देशातला तो पहिला पब. २०१३ मध्ये त्यांनी तो ८ लाख १० हजार पौंडांना खरेदी केला. रक्कम अनुदान, कर्ज आणि ३७१ भागधारकांच्या पैशांतून उभी राहिली. त्यांच्या संस्थेत कोणाचे भाग कितीही असले तरी मत एकच. तेथल्या ओकच्या लाकडी भिंती सुंदर आहेत. त्या परिसराने वाचवल्या, पण दुरुस्तीचा ओघ फिट्झरॉयसारखा सढळ नाही आणि तो दिसतो. मात्र संगीत, नृत्य, विणकाम करणाऱ्यांचे गट, लहान मुलांच्या आया अशी माणसे तेथे रोज येतात, आणि पब आपला आहे असे ती म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे त्याचा कागदही असतो. क्लाइनफेल्ड यांचा वारसा शोधायचा झाला तर मी तो छताच्या नक्षीपेक्षा या भागधारकांच्या यादीत शोधेन.

म्हणून फिट्झरॉय टॅव्हर्नला मी वास्तूसाठी पाचपैकी साडेचार, दरांसाठी चार, खाण्यासाठी अडीच गुण देईन. धर्मादायाच्या वारशासाठी गुण देत नाही, कारण तो जपण्याचे काम मद्यकंपनीचे एकटीचे कधीच नव्हते. लंडनला जाणाऱ्यांनी दुपार शार्लट स्ट्रीटवर काढावी, फोन खिशात ठेवून एखाद्या कप्प्यात बसावे आणि काचा नीट पाहाव्यात. संध्याकाळ मोकळी असल्यास व्हिक्टोरिया स्थानकातून नन्हेडची गाडी मिळते. आयव्ही हाउस तेथून चालत जाण्यासारखे आहे, आणि तेथे संगीताला बंदी नाही.